उन्हाशिवायचं वाळवण: कानाझावातल्या एका काकीमोची दुकानाचं प्रकरण

हे प्रकरण जपानच्या कानाझावा शहरातल्या एका लहान दुकानाचं आहे. तिथे काकीमोची, म्हणजे चिकट तांदळाच्या वाळवून भाजलेल्या चकत्या, विकतात. दुकानाचं, माणसांचं, त्यांच्या गिऱ्हाइकांचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील थोडे बदलले आहेत. मी मूळची सांगलीची, अन्नतंत्रज्ञान शिकलेली. लग्नानंतर इथे आले आणि आता लहान खाद्यविक्रेत्यांना लेबलं, नोंदी आणि स्वच्छतेच्या नियमांत मदत करते. या प्रकरणात मी नुसती बघ्याची भूमिका घेतलेली नाही. यातला एक चुकीचा सल्ला माझा आहे, म्हणून तो भाग लांबवून लिहिला आहे.

पार्श्वभूमी

कानाझावा म्हटलं की ओमिचो बाजाराचं नाव निघतं. हे दुकान त्याच शहरात, एका जुन्या बाजारगल्लीत आहे. तिघं गिऱ्हाइकं एकदम आली की चौथ्याने बाहेर थांबायचं, एवढीच जागा. समोर निखाऱ्यावरची जाळी, बाजूला डबे, मागे मोची (वाफवलेल्या चिकट तांदळाचा कुटलेला गोळा) कुटायची खोली आणि वर माडी. मालकांची ही तिसरी पिढी. ते पंचाहत्तरीच्या आसपासचे. मालकीणबाई गल्ला सांभाळतात आणि पुडे बांधतात. मुलगी ओसाकाला नोकरी करत होती, ती २०२२ मध्ये परत आली. आठवड्यातून दोन दिवस एक मदतनीस बाई येतात.

इथे विकली जाते ती काकीमोची. तांदळाच्या सगळ्याच जपानी कुरकुरीत चकत्यांना आपण सरसकट सेनबे म्हणतो, पण इथले जुने दुकानदार फरक करतात. सेनबे रोजच्या भाताच्या तांदळाची, ओकाकी आणि काकीमोची चिकट तांदळाची, म्हणजे मोचीगोमेची. मोचीगोमेच्या स्टार्चमध्ये अमायलोज जवळजवळ नसतं, त्यामुळे भाजताना चकती फुलते आणि तोंडात विरते. सेनबे दाताला जास्त कडक लागते. काकी म्हणजे फोडलेली. नववर्षाला मांडलेली मोची ११ जानेवारीच्या सुमारास उतरवतात. तिला सुरी लावणं अशुभ, म्हणून ती फोडायची, तुकडे वाळवायचे आणि भाजून खायचे. नाव तिथून आलं असं सांगतात.

करण्याची रीत अशी. मोचीगोमे रात्रभर भिजवायचा, वाफवायचा, गरम असतानाच मीठ घालून कुटायचा. मुसळ आता यंत्राचं आहे, उखळ मात्र दगडाचंच. कुटत आलं की अर्धवट शिजवलेलं काळं सोयाबीन, म्हणजे कुरोमामे, त्यात घालायचं आणि हाताने लांबट वळकटी करायची. या वळकटीला नामाको म्हणतात, म्हणजे समुद्रकाकडी. दिसायलाही तशीच. दोन दिवस थंडीत ठेवली की ती सुरी घेण्याइतकी घट्ट होते. मग चार-पाच मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापायच्या. दाण्याची पहिली परीक्षा इथेच होते. फार शिजला असेल तर तो सुरीबरोबर चुरडतो. कमी शिजला असेल तर सुरीला अडतो आणि मोचीला ओरबाडत खाली जातो. जमलेल्या चकतीत दाण्याचा काप काचेसारखा सपाट दिसतो, कडेला सालीची काळी रेघ आणि आत फिकट पिवळा गर.

मग वाळवण. मराठी माणसाला वाळवण म्हटलं की चैत्र-वैशाखातली गच्ची आठवते, पापड, कुरडया, सांडगे आणि कावळे हाकायला बसवलेली पोरं. इथे सगळं उलटं. वाळवण जानेवारी-फेब्रुवारीच्या कडाक्यात, सावलीत, आणि तेही हिवाळाभर आभाळ भरलेलं असतं अशा गावात. ‘डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस’ ही इथली म्हण. ऊन लागलं तर चकती वरून कडक होऊन तडकते, म्हणून माडीच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवून चकत्या तीन-चार आठवडे लाकडी चौकटींच्या जाळ्यांवर पसरतात. काही अजूनही जुन्या पद्धतीने पेंढ्याच्या दोरीत गुंफून टांगतात. माडीवर तेव्हा तीन ते सहा अंश तापमान आणि भरपूर दमट हवा असते. पाणी निघतं, पण अगदी सावकाश.

वाळलेल्या कच्च्या चकतीला किजी म्हणतात. ती पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवायची आणि वर्षभर लागेल तशी जाळीवर भाजायची. या धंद्याची खरी गोम इथे आहे. भाजणं रोजचं असलं, तरी माल वर्षातून एकदाच तयार होतो. शरद ऋतूत नव्या पिकाचा तांदूळ किती घेतला आणि माडीवर किती चौकटी मावल्या, यावर पुढच्या डिसेंबरपर्यंतची विक्री ठरून जाते. या दुकानात साधारण ३० किलोची अठरा पोती लागत आणि हिवाळ्यात दोन खेपा निघत. पाच प्रकार होत: काळं सोयाबीन, कोंबू हे समुद्री शेवाळ, कोळंबी, काळे तीळ आणि साधी. विक्री निम्म्याहून जास्त सोयाबीनवालीची.

अडचण

२०२४ च्या पहिल्याच दिवशी नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. कानाझावाही चांगलंच हादरलं. दुकानाच्या माडीवरच्या काही चौकटी कोसळल्या आणि त्यानंतर कितीतरी आठवडे गल्लीत चिटपाखरू नव्हतं. १६ मार्चला होकुरिकू शिंकानसेन ही वेगवान रेल्वे त्सुरुगापर्यंत वाढली, या भागाला हातभार म्हणून प्रवासावर सवलती आल्या आणि माणसं परतली. ती नुसती परतली नाहीत, ठरवून खरेदी करायला आली. उन्हाळ्यात रांग लागायची. एरवी डिसेंबरपर्यंत पुरणारी किजी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच संपली.

त्याच उन्हाळ्यात देशभर तांदळाची टंचाई सुरू झाली. २०२३ च्या उष्म्याने पिकाची प्रत घसरली होती. ८ ऑगस्ट २०२४ ला मोठ्या भूकंपाच्या शक्यतेची सरकारी सूचना निघाल्यावर लोकांनी घरं भरून ठेवली आणि दुकानांतल्या तांदळाच्या मांडण्या ओस पडल्या. ऑक्टोबरमध्ये मालकांच्या नेहमीच्या व्यापाऱ्याने मोचीगोमेचा भाव आधीच्या वर्षीच्या जवळपास दीडपट सांगितला. वर, वीस पोत्यांपुढे देता येणार नाही, हेही सांगितलं.

तेवढ्यात तोक्योतल्या एका दुकानाकडून विचारणा आली. वेगवेगळ्या प्रांतांतले जिन्नस विकणारं दुकान. त्यांना एप्रिल २०२५ पासून दर महिन्याला सोयाबीनवालीचे ३०० पुडे हवे होते. या दुकानाचं वर्षाचं सगळं उत्पादन आठ हजार पुड्यांच्या आसपास. म्हणजे मागणी जवळपास निम्म्या उत्पादनाची, आणि ती एकाच गिऱ्हाइकाची.

या सगळ्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट होती आणि ती कोणी तोंडाने बोलत नव्हतं. मालकांचा उजवा खांदा गेला होता. चकत्या ते एकटेच कापत, आणि नामाको कापायला लागणारा जोर वरून, खांद्यातून यावा लागतो. मुलीला हे दिसत होतं. वडील सांगत नव्हते म्हणून ती विचारत नव्हती.

समोर असलेले पर्याय

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मागच्या खोलीत बसून आम्ही चौघांनी पर्याय मांडले.

सर्वांत सोपा होता तयार किजी विकत घेण्याचा. तांदळाच्या चकत्यांचा जपानमधला सगळ्यात मोठा उद्योग निईगाता प्रांतात आहे आणि किजी बनवून घाऊक विकणारे कारखानेही असतात. अनेक जुनी दुकानं अशी किजी आणून फक्त भाजतात आणि मसाला लावतात. त्यात लपवाछपवी नाही, भाजणं हेही कसबच आहे. आम्ही नमुने मागवले. मदतनीस बाईंनी कुठली कोणती ते न सांगता दोन्ही भाजून पुढे ठेवल्या. विकतची किजी वाईट होती असं लिहायचा मला मोह होतो, पण तसं नव्हतं. ती एकसारखी फुलली, हलकी होती, एकही चकती वाकडी नाही. मालकांनी दोन खाल्ल्या आणि म्हणाले, “चांगली आहे. फक्त दाणा मोचीत बसलेला नाही, मोचीला चिकटवलेला आहे.” मी पुन्हा खाऊन पाहिलं. खरं होतं ते. दाणा आणि मोची दाताखाली वेगवेगळे फुटत होते. दुकानातल्या चकतीत दाण्याचं तेल आणि चव आठवडेच्या आठवडे भोवतीच्या मोचीत मुरते, काळ्या दाण्याभोवती फिकट जांभळट कडं उमटतं. ते कडं या किजीत नव्हतं.

यात कायद्याचाही भाग होता. दुकानाच्या पाटीवर आणि पुड्यावर ‘हाताने केलेली’ असं लिहिलेलं आहे. काकीमोचीसाठी या शब्दाची कायद्यात व्याख्या नाही. मात्र माल आहे त्याहून सरस भासवणारी जाहिरात करायला १९६२ च्या कायद्यानेच बंदी आहे. किजी बाहेरची आणि पाटी तीच, हे बसत नव्हतं. शिवाय तांदळाचं मूळ कुठलं ते गिऱ्हाइकाला कळवणं जुलै २०११ पासून बंधनकारक आहे आणि त्यात तांदळाच्या चकत्या तर येतातच, त्यांची किजीही येते.

दुसरा पर्याय दोनाऐवजी तीन खेपा काढण्याचा. त्यासाठी वाळवण चार आठवड्यांवरून दहा दिवसांवर आणायला हवं होतं. हा मी सुचवला.

तिसरा, तोक्योला नाही म्हणायचं आणि भाव वाढवायचा. दहा चकत्यांचा पुडा ५४० येनला होता आणि पाच वर्षं तोच भाव होता. मालकीणबाई याला तयार नव्हत्या. भूकंपानंतर ज्यांनी मुद्दाम येऊन खरेदी केली, त्यांच्याकडून जास्त पैसे घ्यायचे कसे, हा त्यांचा प्रश्न. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

पहिला निर्णय आणि वाया गेलेली खेप

ठरलं ते असं: तोक्योला महिन्याला १५० पुडे द्यायचे, वीस पोती घ्यायची, आणि माडीवर हवेतला ओलावा शोषणारं यंत्र आणि एक हीटर लावून तीन खेपा काढायच्या. भाव तूर्तास तोच.

मालकांचं मन नव्हतं. “बाबा, यंत्र फक्त हवा कोरडी करतं, मोचीला हातही लावत नाही,” असं मुलीने समजावलं. तो युक्तिवाद माझा होता, तिने तो आपल्या शब्दांत मांडला एवढंच. सांगलीजवळ मी द्राक्षांपासून बेदाणे करणाऱ्यांबरोबर काम केलं होतं. हवेचा ओलावा आणि तापमान हातात असलं की वाळवणाचा काळ आपल्या ताब्यात येतो, हे मी तिथे शिकले होते. बेदाण्याला ते लागू आहे. इथे माझं चुकलं, कारण एका चकतीत दोन वेगळे पदार्थ आहेत ही गोष्ट मी पुरेशी लक्षात घेतली नाही.

पहिली खेप जुन्या पद्धतीने डिसेंबरच्या शेवटी लागली. ती नेहमीसारखी निघाली. दुसरी खेप जानेवारीच्या शेवटी, २० अंश आणि पन्नास टक्क्यांच्या आतल्या आर्द्रतेवर लागली. पाचव्या दिवशी चकत्या सुरेख दिसत होत्या. दोन चकत्या एकमेकींवर आपटल्या की वाळलेल्या किजीचा येतो तसा टणक आवाज येत होता. मी खूश होते.

सहाव्या दिवशी सकाळी मालक माडीवर आले. त्यांनी एक चकती उचलून खालच्या ओठाला लावली, आधी नुसती मोची, मग दाणा. पुन्हा एकदा लावली. “दाणा अजून गार आहे,” म्हणाले. ओला पदार्थ ओठाला गार लागतो, तेवढंच त्यांचं उपकरण. माझ्या हातातल्या मापकाने खोलीची हवा मोजली होती. दाण्याच्या आतलं पाणी त्याला दिसत नव्हतं. मी म्हटलं, अजून तीन दिवस ठेवू. नवव्या दिवशी चकत्या डब्यांत गेल्या, कारण तिसऱ्या खेपेसाठी चौकटी रिकाम्या करायच्या होत्या.

पुढे काय झालं ते दोन टप्प्यांत कळलं. आधी चिरा. दाण्याभोवती सूर्याच्या किरणांसारख्या बारीक रेषा उमटल्या आणि भाजायला घेतल्यावर चकती त्या रेषांवर फुटून दाणे निखाऱ्यात पडू लागले. मोची लवकर वाळली आणि आक्रसली. भिजून दुपटीहून जड झालेला दाणा त्या वेगाने आक्रसला नाही. आवळणाऱ्या मोचीला आतून दाणा अडवत होता, आणि ताण सगळा त्यांच्या सांध्यावर आला. थंडीतल्या सावकाश वाळवणात दोघांनाही एकमेकांबरोबर लहान व्हायला वेळ मिळतो.

मग वास. तीन आठवड्यांनी मालकीणबाईंनी एक डबा उघडला आणि झाकण तसंच परत लावून मला बोलावलं. दाण्याच्या पोटात राहिलेलं पाणी बंद डब्यात बाहेर आलं होतं. काही चकत्यांवर दाण्याच्या कडेने बुरशीचं करडं कडं होतं, आणि जिथे बुरशी नव्हती तिथे खवटपणा होता. सोयाबीनमध्ये वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं तेल असतं, ते असं बिघडलं की डबाभर माल हातचा जातो. तो सगळा माल फेकला. नुसत्या चिरा पडलेला, पण चांगला वाळलेला माल वेगळा काढून भाजला आणि फुटक्या चकत्यांच्या पिशव्या करून निम्म्या भावात विकला. इथे तशी पद्धतच आहे, त्यासाठी मुद्दाम येणारी गिऱ्हाइकंही असतात. हिशेब केला तेव्हा साधारण दोन पोत्यांचा माल कचऱ्यात आणि चार पोत्यांचा फुटक्यांत गेला होता. तिसरी खेप लावलीच नाही. उरलेला तांदूळ नंतर सणांची मऊ मोची करायला वापरला.

मालक मला एका शब्दाने काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्यांनी हीटर पुसून, त्याची तार गुंडाळून दाराशी ठेवला होता.

दुसरा निर्णय

मार्च २०२५ मध्ये पुन्हा बसलो, आणि या वेळी मुलीने सुरुवात खांद्यापासून केली. वडिलांनी आधी नाही नाही म्हटलं, मग शर्टाची बाही वर करून चिकटवलेल्या पट्ट्या दाखवल्या. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण तो होता. तोवरच्या साऱ्या चर्चा तांदळाच्या आणि पुड्यांच्या चालल्या होत्या. प्रत्यक्षात दुकानाची मर्यादा एका माणसाचा खांदा ही होती.

त्यावरून चार गोष्टी ठरल्या.

सोयाबीनवाली दुकानातच होणार, थंडीतच वाळणार आणि दोनच खेपा निघणार. कापायचं काम मुलगी शिकणार, वडील दाणा शिजवणं आणि ओठाला लावून पारखणं पाहणार.

साधी आणि कोंबूवाली यांची किजी बाहेरून घ्यायची. या दोन्हींत दाणा नाही, त्यामुळे फरक सगळ्यात कमी जाणवतो. त्यांच्या पुड्यावर ‘हाताने भाजलेली’ आणि सोयाबीनवालीवर ‘हाताने केलेली’. दोन शब्द वेगळे आणि शिक्क्याचा रंगही वेगळा. मालकीणबाईंना भीती होती की लोक विचारतील. विचारलं तर सांगायचं, यासाठीच तर वेगळं लिहिलं, असं मुलगी म्हणाली.

बाहेरच्या किजीचं तपशीलपत्रक मागवल्यावर आणखी एक काम निघालं. त्या कारखान्यात त्याच यंत्रांवर कोळंबीचा मालही होतो. कोळंबी ही जपानमध्ये लेबलावर सांगणं सक्तीचं असलेल्या ॲलर्जीकारक घटकांपैकी एक. गव्हाचंही तसंच. परदेशी पाहुणे चकती दाखवून “गहू नाही ना?” असं विचारत आणि दुकानातली माणसं तांदळाची आहे म्हणून बेधडक मान हलवत. पण साध्या चकतीला सोया सॉसचा हात असतो आणि नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. सोयाबीनवाली नुसती मिठाची असली तरी जाळी तीच आणि ब्रशही तोच. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी गहू न चालणारं माणूस असेल तर जपानमध्ये तांदळाची चकती बघून निर्धास्त होऊ नये. आता मिठाच्या चकत्यांची जाळी वेगळी आहे, त्या सकाळी आधी भाजतात, आणि तरीही विचारणाऱ्याला ‘खात्री देता येत नाही’ असंच सांगतात.

चौथी गोष्ट भावाची. पुडा ५४० चा ७०० येन झाला. तोक्योच्या दुकानाला मुलीने फोन न करता पत्र लिहिलं: काय बिघडलं, किती माल हातात आहे, एप्रिलपासून १५० ऐवजी ६० पुडेच देता येतील आणि नवा भाव हा. त्यांनी महिनाभर विचार करून साठ पुडे मान्य केले.

परिणाम

उन्हाळ्यात गल्लीतल्या लोकांनी एक प्रश्न सारखा विचारला. मे २०२५ च्या शेवटी सरकारने साठ्यातला तांदूळ थेट किरकोळ दुकानांना दिला आणि चार हजार येनवर गेलेलं पाच किलोचं पाकीट दोन हजारांच्या आसपास मिळू लागलं. मग तुमचा भाव का उतरत नाही? मालकीणबाई प्रत्येकाला सांगत की तो भाताचा तांदूळ आहे, मोचीगोमे नाही, आणि आमचा तांदूळ गेल्या शरदातच विकत घेऊन झालाय. काहींना पटलं. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी येणं थांबवलं, त्यातल्या एक आजी दर आठवड्याला यायच्या. मालकीणबाईंना ते अजून लागून राहिलं आहे.

पुड्यांची संख्या घटली, पण वर्षाअखेरीस हातात उरलेली रक्कम आधीच्या वर्षापेक्षा किंचित जास्त होती. बाहेरच्या किजीबद्दल तक्रार आली नाही. काहींनी शिक्के पाहून मुद्दाम विचारलं आणि दोन्ही पुडे घेतले.

तांदळाच्या बाबतीत एक निर्णय वेळेवर झाला. भाताच्या तांदळाला भाव आला तशी शेतकरी मंडळी मोचीगोमे सोडून तिकडे वळू लागली होती. त्याचा सुगावा मुलीला एप्रिलमध्ये लागला. तिने शहराबाहेरच्या एका शेतकऱ्याशी लावणीच्या आधीच चौदा पोत्यांचा भाव ठरवून घेतला. भाव चढाच होता, पण शरदात बाजारभाव त्याच्याही वर गेला.

कापणं शिकायला मुलीला वाटलं त्याहून जास्त वेळ लागला. तिने एक गोष्ट बदलली: कापायचा ओटा वीत-दीड वीत खाली केला, म्हणजे जोर खांद्याऐवजी अंगाच्या वजनातून येतो. वडिलांनी चार दिवस कुरकुर केली आणि पाचव्या दिवशी त्याच ओट्यावर स्वतः दोन नामाको कापल्या.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्याकडून झालेली चूक आधी. यंत्र लावायचंच होतं तर आधी एका चौकटीवर लावायचं, त्यातल्या चकत्या महिनाभर डब्यात ठेवून उघडायच्या आणि मगच पुढे जायचं. त्यासाठी एक हिवाळा थांबावं लागलं असतं. वर्षातून एकदाच होणाऱ्या कामात एका चुकीची किंमत पूर्ण वर्षाची असते, हे मी बेदाण्याच्या कामातून शिकले नव्हते. आणि सहाव्या दिवशी माझ्या मापकाचा आकडा आणि मालकांचा ओठ यांत तफावत दिसली, तेव्हा थांबून एक दाणा फोडून बघायला हवा होता. पाच मिनिटांचं काम होतं.

नोंदींचंही आहे. जून २०२१ पासून लहान दुकानांनाही हॅसप (HACCP, म्हणजे अन्नातले धोके आधीच ओळखून त्यांवर लक्ष ठेवायच्या) पद्धतीने स्वच्छतेच्या नोंदी ठेवाव्या लागतात. या दुकानात शीतकपाटाचं तापमान आणि साफसफाई रोज लिहिली जात होती, माझ्याच तक्त्यावर. वाळवणाची एक ओळही नव्हती. पन्नास वर्षांचं ज्ञान मालकांच्या ओठात होतं आणि त्या वहीत त्याला रकाना नव्हता. आता आहे: दिवस, हवा, मोची, दाणा. दाण्याच्या रकान्यात ‘गार’, ‘कोमट’ आणि ‘सारखा’ असे तीनच शब्द लिहितात. ‘सारखा’ सलग तीन दिवस आल्याशिवाय चकती डब्यात जात नाही.

भाव सहा महिने आधी, ऑक्टोबरमध्येच, वाढवता आला असता. तेव्हा वाढवला असता तर तिसऱ्या खेपेचा विचारही डोक्यात आला नसता असं मला वाटतं. मालकीणबाई याच्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते तो हिवाळा भूकंपानंतरचा पहिला होता आणि त्या हिवाळ्यात भाव वाढवणं त्यांच्याने झालं नसतं, नुकसान झालं तरी चालेल. हा मतभेद आम्ही तसाच ठेवला आहे.

आणि तोक्योला होकार देण्याची घाई. ऑक्टोबरमध्ये पुडे कबूल केले तेव्हा एकही चकती वाळलेली नव्हती. २०२५ च्या नोव्हेंबरात त्यांचं पुन्हा पत्र आलं, या वेळी महिन्याला शंभर पुडे जमतील का म्हणून. मुलीने उलट कळवलं की सेत्सुबुनचे, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या सणाचे, दाणे फेकून झाले, पहिली खेप डब्यात गेली आणि दुसऱ्या खेपेच्या चौकटी मोजून झाल्या की फेब्रुवारीच्या अखेरीस आकडा सांगते.